मिठागरांच्या गावात रक्ताचा रिपोर्ट

भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरं अजून दिसतात, उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि खारवलेला मासा तर इथल्या कोळीवाड्यांचा पावसाळ्यातला आधार. अशा गावात बीपीवाल्याला ‘मीठ कमी करा’ सांगणं सोपं, ऐकणं अवघड. त्यात रिपोर्ट येतो. सोडियम 140. ‘बघा, नॉर्मल आहे!’ म्हणत पापडाचं ताट पुन्हा पुढे ओढलं जातं. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

रक्तात सोडियम लिटरला 135 ते 145 मिलिमोल असतं, आणि शरीर ते हट्टानं तेवढंच ठेवतं. मीठ जास्त झालं की तहान लागते, किडनी पाणी धरून ठेवते, प्रमाण पुन्हा जुळतं. सलाइनच्या बाटलीत लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. तेवढंच जादा मीठ अंगात अडकलं, तर सोबत साधारण लिटरभर पाणीही अडकतं. रिपोर्टातला आकडा हलत नाही. वाढतो तो दाब. आपण मीठ किती खातो हे कळायला 24 तासांची लघवी तपासावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे. चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

बीपीवाल्यानं रिपोर्टात आधी शोधावं ते पोटॅशियम. साधारण 3.5 ते 5 ही त्याची हद्द. ती छोटी आहे आणि दोन्ही बाजूंनी ओलांडली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी पोटॅशियम खाली आणते, युरिक ॲसिड आणि साखर थोडी वर नेते. वयस्क बायकांत कधी सोडियमच घसरतं आणि आजी अचानक असंबद्ध बोलू लागतात. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांत उलट, पोटॅशियम चढू शकतं. लघवीची गोळी नसतानाही ते कमीच येत असेल, तर किडनीच्या डोक्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीकडे बघायला हवं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त पाझरवणारी गाठ तिथे असू शकते, हे अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये दाखवून दिलं. असं बीपी मुळावरच उपचार करून आटोक्यात येतं, कधी पूर्ण बरंही होतं.

पोटॅशियम फसवंही असतं. दंडाला रबरी पट्टा बराच वेळ आवळलेला आणि ‘मूठ उघडा, मिटा’ चाललेलं. तेवढ्यानंही आकडा वाढतो. नळीत तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. रिपोर्टाखाली ‘हिमोलाइज्ड’ लिहिलं असेल, तर घाबरण्याआधी रक्त पुन्हा द्यावं.

किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचंही तसंच. 1.2 हा आकडा व्यायामशाळेतल्या पंचविशीच्या मुलाला शोभतो. सत्तरीच्या बारीक आजींचं 1.1 मात्र किडनी थकल्याची खूण असू शकते. म्हणून शेजारचा, किडनी किती गाळते ते सांगणारा ‘ईजीएफआर’ वाचावा. तो तीन महिने 60 च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. मूळ आकड्याच्या 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. ती बघून परस्पर गोळी बंद करणारे मला जास्त काळजीत टाकतात. लघवीतलं अल्ब्युमिन तर बऱ्याचदा क्रिएटिनिनच्या आधीच बोलू लागतं. ती तपासणी मागून घ्यावी.

आता बाजारात ‘लो सोडियम’ मीठ आलंय. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या मिठात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होतं ते खाणाऱ्यांत पक्षाघात 14 टक्क्यांनी घटला. हे मीठ चांगलंच आहे. पण किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम चढवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते डब्यात भरू नका. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला, की दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्या. आणि डॉक्टरांकडे जाताना जुना रिपोर्टही सोबत न्या.