पऱ्याकाठचा पातेरा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. निवृत्तीनंतर ते गावच्या वाडीत कायमचे राहायला गेले. घरामागून पऱ्या वाहतो आणि पुढे नदीला मिळतो. काठावर झुडपं माजली आहेत, पातेरा साचतो, सापाची भीती वाटते. तेव्हा काठ साफ करून घ्यावा, दगडी भिंत बांधावी, आत हिरवळ करावी आणि पक्षी यावेत म्हणून थोडी फुलझाडं लावावीत, असा त्यांचा बेत आहे. पऱ्याची आणि त्यातल्या जिवांची काळजी घ्यायची मनापासून इच्छा आहे, तर कुठली झाडं लावू, असं ते विचारतात.

झाडांचं नंतर बघू. आधी ती सफाई थांबवा, एवढी विनंती. ज्याला आपण कचरा म्हणून काठावरून हटवायला निघालो आहोत, त्यावरच तुमचा पऱ्या जगतो.

दाट झाडीतून वाहणाऱ्या लहान प्रवाहात ऊन फारसं उतरत नाही. त्यामुळे शेवाळ कमी, पाणवनस्पती कमी. मग तिथले किडे, खेकडे, मासे खातात काय? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रश्नाकडे फार कोणी लक्ष दिलं नव्हतं. उत्तर काठावरून पडत होतं: वाळलेली पानं. पण वाळलेल्या पानात पोषण ते काय असणार! झाड पान गाळण्याआधी त्यातलं कामाचं बरंचसं काढून घेतं. उरतो तो चिवट सांगाडा. पाण्यात पडल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातले विरघळणारे पदार्थही निघून जातात.

इथे मला अतिशय आवडणारी एक गोष्ट सुरू होते. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका ओहोळात टेरेन्स इनगोल्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाला कुजत्या पानांवर विलक्षण आकाराचे बुरशीचे बीजाणू सापडले. मधल्या बिंदूपासून चार दिशांना गेलेले चार लांब हात. वाहत्या पाण्यात गोल कण घरंगळत निघून जाईल, पण हा चार हातांचा बीजाणू पानाला तीन ठिकाणी टेकतो आणि चिकटून बसतो. १९४२ मध्ये इनगोल्ड यांनी त्यावर निबंध लिहिला. हे बीजाणू बघायचे तर धबधब्याखाली साचणारा फेस घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. बुडबुड्यांत ते अडकून राहतात. (पावसाळ्यात आपल्या पऱ्यात दिसणारा पिवळसर फेस दर वेळी साबणाचाच असतो असं नाही. पानं कुजतानाही तो होतो.) आपल्या सह्याद्रीतल्या प्रवाहांत या बुरशींचा पसारा केवढा आहे, हे मंगळूर विद्यापीठातल्या के. आर. श्रीधर आणि के. एम. कावेरिअप्पा यांनी १९८०च्या दशकापासून दाखवून दिलं.

ही बुरशी पानावर करते तरी काय? कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात नरिंदर कौशिक यांनी एच. बी. एन. हाइन्स यांच्या हाताखाली ते शोधून काढलं. त्यांनी पानं पाण्यात ठेवली आणि दिवसांगणिक त्यातल्या नायट्रोजनचं प्रमाण मोजलं. कुजणाऱ्या पानातून सगळंच कमी होत जाणार अशी आपली अपेक्षा, पण प्रथिनांचं प्रमाण वाढत होतं! बुरशी औषधाने रोखली की ही वाढही रोखली जाई. जिवाणू रोखले तर तेवढा फरक पडत नसे. म्हणजे बुरशी पाण्यातला नायट्रोजन ओढून घेऊन निःसत्त्व पानाचं सकस अन्न करत होती. रात्री भिजवून वाटलेलं आंबोळीचं पीठ सकाळी फुगून वर येतं तेव्हा त्यात जे झालेलं असतं, त्याच जातीचं हे काम. न आंबलेलं पीठ आणि आंबलेलं पीठ यांत पोटाला फरक कळतो, तसा तो पाण्यातल्या किड्यांनाही कळतो. कौशिकांनी झिंग्याच्या जातकुळीतल्या इवल्या जिवांपुढे दोन्ही तऱ्हेची पानं ठेवली, तेव्हा त्यांनी बुरशी चढलेली पानं पसंत केली.

पाण्यात पडलेल्या पानांचं पुढे काय होतं, यावर या दोघांनी १९७१ मध्ये लिहिलेला दीर्घ निबंध या विषयाचा पाया आहे, आणि त्यावर पहिलं नाव कौशिकांचं आहे. हाइन्स यांचं १९७५चं ‘प्रवाह आणि त्याचं खोरं’ हे व्याख्यान मात्र जास्त गाजलं. प्रवाहाचं भवितव्य पाण्यात ठरत नाही, भोवतालच्या खोऱ्यात ठरतं, हे त्याचं सार. त्याचे दाखले आजही दिले जातात. पण त्या विचाराला आकडे देणारे प्रयोग ज्यांनी धीराने केले, ते कौशिक आपल्याकडे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतात. याची मला खंत वाटते.

आपल्याकडे पानं फाडून खाणाऱ्या किड्यांच्या जोडीला आणखी एक मोठा गडी आहे, तो म्हणजे खेकडा. उष्ण प्रदेशातल्या प्रवाहांत पानं तोडण्याचं बरंचसं काम खेकडे आणि कोळंब्या करतात. त्यांनी केलेला भुगा पाण्याबरोबर खाली जातो, तो गाळून खाणारे किडे वेगळे, त्यांना खाणाऱ्या चतुरांच्या अळ्या वेगळ्या, आणि त्या सगळ्यांवर मासे आणि खंड्या. फाल्गुन-चैत्रात काठावर पडणारा पातेरा या साखळीचं वर्षभराचं धान्य आहे. भाताचं रोप टाकण्याआधीच्या भाजावळीसाठी पातेरा न्यायचा तर काजूखालचा, आंब्याखालचा खुशाल न्या. पऱ्याकाठचा पट्टा सोडा. सापाची भीती असेल तर घराभोवतीचं अंगण तेवढं स्वच्छ ठेवा.

आता हिरवळीविषयी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्राउड संशोधन केंद्रात बर्नार्ड स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा ओढ्यांवर पाहणी केली. प्रत्येक ओढ्याचा एक भाग झाडीतला, एक गवताळ कुरणातला. झाडीतलं पात्र रुंद निघालं आणि गवतातलं अरुंद! गवत कडेने गाळ धरतं, त्यावर आणखी गवत वाढतं, आणि हळूहळू काठ पात्रात सरकत जातो. पात्र आक्रसलं की तळाची जागा घटते, त्याबरोबर तिथले जीवही घटतात. २००४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे २०१४ मध्ये स्वीनी आणि न्यूबोल्ड यांनी जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं की, लहान प्रवाह नीट राखायचा तर दोन्ही काठांना निदान ३० मीटर झाडी हवी. वाडीत ३० मीटर सोडणं जड आहे, हे मी जाणतो. जमेल तेवढी सोडा. दहा मीटरही गाळ अडवतात आणि सावली देतात.

त्या पट्ट्यात लावायला फार काही नको. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज आपोआप येतील. पात्रातल्या दगडांत शेरणीचं झुडूप असेल तर तिला हात लावू नका. पुरात ती आडवी होते, पाणी ओसरलं की उभी राहते, आणि तिच्या मुळांनी तळाचे दगड-गोटे जागेवर धरून ठेवलेले असतात. ज्या झुडपांच्या फांद्या पाण्यावर झुकल्या आहेत, त्या तर मुळीच छाटू नका. सह्याद्रीत रात-बेडकांची एक जात आहे, हुमायून अब्दुलालींच्या नावाची. तिचे नर पावसाळी रात्री पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा खडकावर बसून साद घालतात, मादी तिथेच अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर पडली की टपटप खाली पाण्यात पडतात. या बेडकांचं वागणं कृष्णमेघ कुंटे यांनी २००४ मध्ये बारकाईने नोंदवलं. फांदी छाटली की अंडी घालायची ती जागा गेली.

काठाची मातीची उभी दरड तशीच राहू द्या. खंड्या तिच्यात आडवं बीळ कोरून घरटं करतो. तिला दगडी पिचिंग केलं की त्याला चोच मारायला माती उरत नाही. पक्ष्यांसाठी फुलझाडांपेक्षा ही दरड जास्त मोलाची.

डासांसाठी पऱ्यात गप्पी मासे सोडण्याचा सल्ला कोणी देईल. हौदात, टाकीत ठीक. पण वाहत्या पाण्यात परका मासा सोडला की तो परत काढता येत नाही. बाटलीतलं द्रावण ओतून ‘नदी शुद्ध’ करण्याच्या जाहिरातींवर तर पैसे घालवूच नका.

आता फवारणीविषयी. हापूसच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं फवारतात. फवारणी झाली की गडी पंप घेऊन पऱ्यावर जातो, टाकीत पाणी घालून हिसळतो आणि ते पाणी तिथेच ओततो. सायपरमेथ्रिनच्या गटातली औषधं माणसाच्या मानाने पाण्यातल्या जिवांना कितीतरी जास्त विषारी. कित्येक जलकीटकांना लिटरमागे एक मायक्रोग्रॅमही घातक ठरतो. टाकीच्या तळाशी राहिलेलं दोन कपभर पाणी आख्खा कोंड निर्जीव करू शकतं. पंप बागेतच धुवा, ते पाणी झाडांवरच फवारून संपवा. घरातलं साबणाचं पाणीही केळीच्या अळ्यात सोडा.

राहता राहिली भिंत. कोकणातल्या जुलै २०२१च्या पुरानंतर काठावर राहणाऱ्या कोणालाही भिंतीचा विचार सुचणं साहजिक आहे. पण लहान पात्रात एका बाजूने भिंत आली की पाण्याचा मारा समोरच्या काठावर जातो, आणि तो काठ शेजाऱ्याचा असतो. शिवाय चढणीचे मासे आहेत. पहिल्या जोरदार पावसात शिंगटी, मरळ आणि कितीतरी लहान मासे नदीतून पऱ्यात, पऱ्यातून भातखाचरांत चढतात, ते अंडी घालायला. भिंतीने ती वाटच बंद होते. हिवाळ्यात पाणी अडवायला दगडमातीचा कच्चा बांध घाला. तो पहिल्या लोंढ्यात वाहून जातो आणि मासे येईपर्यंत वाट मोकळी होते. खाचराच्या बांधाला पऱ्याच्या बाजूने एक मोकळं तोंड ठेवा. गाडीसाठी मोरी घालायची असेल तर पाइप मोठ्या व्यासाचा घ्या आणि तो पात्राच्या तळापेक्षा थोडा खाली बसवा, म्हणजे त्यात गोटे साचतील आणि खालच्या तोंडाशी पाण्याची उडी पडणार नाही. वीतभर उंचीची ती उडी बोटभर माशाला चढून जाता येत नाही.