विस्कटलेल्या स्पिनांची जुळवाजुळव

इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये माहिती कशी ठेवता येते, ते गेल्या लेखात पाहिले. ती टिकते किती वेळ, हा प्रश्न तेव्हा मुद्दामच बाजूला ठेवला होता. त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर निराश करणारे आहे. इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे काही नॅनोमीटर उंचीच्या बेटात, एक इलेक्ट्रॉन कोंडला की तो दहा हजार ते लाखभर अणूंवर पसरून राहतो. इंडियम, गॅलियम, आर्सेनिक या तिघांच्याही नैसर्गिक अणुकेंद्रांना स्वतःचा स्पिन असतो. त्यांचे डळमळते चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला सतत जाणवत राहते. त्यातच प्रत्येक डॉटची घडण थोडी निराळी असते. परिणामी चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक स्पिन आपापल्या वेगाने गरगरतो आणि एकत्र सुरुवात केलेल्या लाखो स्पिनांचा मेळ काही नॅनोसेकंदांतच फिसकटतो. इथे माझे म्हणणे एवढेच, की मेळ फिसकटणे आणि माहिती पुसली जाणे ही दोन वेगळी नुकसाने आहेत. पहिले नुकसान प्रकाशाने भरून काढता येते.

प्रकाशाला हे जमते, कारण वर्तुळाकार ध्रुवित फोटॉन स्वतःबरोबर कोनीय संवेग आणतो आणि तो इलेक्ट्रॉनच्या पदरात टाकतो. जॉर्ज लांपेल यांनी १९६८ मध्ये सिलिकॉनवर हा मार्ग दाखवला. पुढे १९९८ मध्ये किक्कावा आणि ऑशालोम यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये, अतिशीत तापमानाला, शंभर नॅनोसेकंदांहून जास्त टिकणारी सुसंगती, म्हणजे स्पिनच्या फिरण्याची शाबूत लय, मोजली. पण माझ्या मते खरा पुरावा जर्मनीतल्या डॉर्टमुंड इथल्या गटाने २००६ मध्ये दिला. त्यांच्या लेसरचे स्पंद दर १३.२ नॅनोसेकंदांनी डॉटच्या थरावर पडत होते. दुसरा एक दुबळा किरण थरातून जाताना त्याच्या ध्रुवणाचे प्रतल किती वळते, यावरून स्पिनांचा मेळ कळत होता. स्पंद पडला की संकेत जोरात हेलकावे घेई, काही नॅनोसेकंदांत विरे आणि मग सपाट रेषा. मात्र पुढचा स्पंद पडण्याच्या जरा आधी, नवा प्रकाश पोचलेलाही नसताना, हेलकावे पुन्हा उसळत. माहिती पुसली गेली असती, तर हे घडणे शक्यच नव्हते.

मैदानावर शेकडो मुले लेझीम खेळताहेत, प्रत्येकाचा वेग वेगळा आहे आणि हलगीचा ठोका ठरावीक अंतराने पडतो आहे, असे समजा. दोन ठोक्यांमध्ये ज्यांचे हात नेमके पूर्ण संख्येने फिरतात, तेवढी मुले दर ठोक्याला एकाच पवित्र्यात दिसतील. मधल्या वेळात सगळा गोंधळ. दोन स्पंदांमध्ये पूर्ण फेऱ्या मारणारे स्पिन असेच एकत्र येतात, मग कोणी काही शे फेऱ्या मारो, कोणी त्याहून चार-दोन कमी. याच प्रयोगातून एकेकट्या स्पिनची सुसंगती ३ मायक्रोसेकंद टिकते, असे निघाले. म्हणजे दोनशेहून अधिक स्पंद उलटून जाईपर्यंत.

यावर चोखंदळ वाचक म्हणेल की ही नुसती चाळणी झाली: जुळणारे स्पिन दिसले, न जुळणारे दुर्लक्षिले. आक्षेप रास्त आहे, पण २००७ मध्ये त्याच गटाने त्याचेही उत्तर दिले. जुळलेल्या स्पिनवर स्पंदाचा जवळपास परिणामच होत नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीची अणुकेंद्रे शांत राहतात. न जुळलेला स्पिन मात्र दर स्पंदाला उत्तेजित होतो, त्या खटाटोपात अणुकेंद्रे उलटतात आणि त्याचा फिरण्याचा वेग सरकत जातो. सरकता सरकता तो जुळणाऱ्या वेगावर आला, की उत्तेजन थांबते आणि तो तिथेच स्थिरावतो. मेळ बिघडवणारी अणुकेंद्रेच अशी मेळाच्या कामाला लागली. लेसर बंद केल्यावरही अंधारात ही मांडणी कित्येक मिनिटे टिकून होती!

प्रकाश स्वतःच ढवळाढवळ करतो, हा दुसरा आक्षेप. फोटॉन शोषला गेला तर तो खरा आहे. म्हणूनच स्टॅनफर्डमध्ये २००८ साली एका डॉटमधला एकच स्पिन हवा तसा वळवताना, शोषणाच्या रंगापासून हटलेले पिकोसेकंदांचे स्पंद वापरले गेले. प्रकाश शोषला न जाताही स्पिनच्या ऊर्जापातळ्या क्षणभर सरकवतो, तेवढ्याने काम भागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: शुद्ध सिलिकॉन-२८ मध्ये अणुकेंद्रांना स्पिनच नसतो आणि तिथे सुसंगती सेकंदांपर्यंत टिकते, मग हा आटापिटा कशाला? नुसती साठवण हवी असेल, तर सिलिकॉनच घ्यावे, यात वाद नाही. पण सिलिकॉन प्रकाश फार कष्टाने देतो. स्पिनमधली माहिती फोटॉनवर चढवून दूर धाडायची असेल, तर गॅलियम आर्सेनाइडचे घराणेच उपयोगी पडते. शिवाय २०२३ मध्ये केंब्रिजच्या गटाने ताणविरहित गॅलियम आर्सेनाइड डॉटमध्ये स्पंदांची मालिका वापरून सुसंगती शंभर मायक्रोसेकंदांच्या पुढे नेली. तेवढ्या वेळात प्रकाश काचतंतूतून सुमारे वीस किलोमीटर जातो. दोन शहरे जोडायला हे अंतर अजून तोकडेच आहे, आणि त्यासाठीही डॉट चार केल्विनच्या आसपास ठेवावा लागतो. पुढच्या आठवड्यात हिऱ्यातल्या नायट्रोजन-दोषाकडे वळू. तिथला स्पिन खोलीच्या तापमानालाही चालतो.