मनगटाचे हाड : साधा फोटो की सी. टी. स्कॅन?

पाय घसरला की माणूस आपोआप हात पुढे टेकतो आणि साऱ्या अंगाचा भार तळहातावर येतो. मनगट सुजते, डॉक्टर 'फोटो' काढायला सांगतात. फोटोत काही निघाले नाही की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तेल लावून चोळणे सुरू होते. आमच्या परिचयातील वेल्डिंग शिकणाऱ्या एका मुलाचे असेच झाले. सायकलवरून पडला, फोटोत काही दिसले नाही, म्हणून लचक समजून आठवड्यात कामावर गेला. आठ महिन्यांनी उजव्या हाताची पकड जाऊ लागली तेव्हा स्कॅन झाला. हाड पडल्या दिवशीच मोडले होते. ते सांधलेच नव्हते. "आधीच स्कॅन केला असता तर?" असे त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांनी १८९५ साली या किरणांचा शोध लावला आणि त्याच वर्षी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसते. मात्र सावलीत पुढचे-मागचे सारे एकावर एक पडते. मनगटात तर आठ लहान हाडे दाटीवाटीने बसलेली असतात. शिवाय दाराची फट समोरून दिसते, जरा बाजूला सरकले की दिसत नाही; तसेच हाडाच्या बारीक चिरेचे आहे. किरण चिरेच्या रेषेतून गेला तरच ती फोटोत उमटते. म्हणूनच मनगट वेगवेगळ्या बाजूंनी वळवून तीन-चार फोटो काढतात. 'एवढे फोटो कशाला?' म्हणून तंत्रज्ञाशी वाद घालू नये.

या आठांपैकी सर्वांत फसवे हाड म्हणजे स्कॅफॉइड. अंगठा ताठ केला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला एक खोलगा पडतो. पूर्वी लोक त्यात तपकीर ठेवून हुंगत, म्हणून इंग्रजीत त्या जागेला तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. तेथे दाबल्यावर दुखले की स्कॅफॉइड मोडल्याची शंका घ्यायची. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते आणि तेथून ते उलट कोपराकडच्या टोकाकडे जाते. मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचे रक्त तुटू शकते, हाड सांधत नाही, कधी तो तुकडा मरतो, आणि काही वर्षांनी सांधा झिजतो. वरील मुलाच्या कमरेचे हाड काढून मनगटात बसवावे लागले. आता तो काम करतो, पण मनगट पूर्वीइतके वळत नाही.

सी. टी. स्कॅन हाही एक्स-रेच आहे. फरक असा, की यंत्र अंगाभोवती फिरून चहूबाजूंनी मोजमाप घेते आणि संगणक त्यातून काकडीच्या चकत्यांसारखे काप तयार करतो. रुग्णावर तो प्रथम १९७१ साली लंडनमध्ये झाला; त्यासाठी हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चकत्यांत हाडे एकमेकांवर पडत नाहीत. तुकडा किती सरकला, सांध्याचा पृष्ठभाग किती खचला, हे मिलिमीटरमध्ये कळते. शस्त्रक्रिया करायची की प्लॅस्टरवर भागेल, हे ठरवताना याचा फार उपयोग होतो.

मग प्रत्येकाचा स्कॅनच का करू नये? मनगटाजवळ मोठे हाड मोडून हात वाकडा झाला असेल तर ते साध्या फोटोत बहुधा दिसते. चुरा होऊन सांध्यापर्यंत गेले असेल तरच स्कॅन. किरणांची भीती मात्र फारशी बाळगू नये. हात डोक्यावर लांब करून फक्त मनगट यंत्रात घेतले तर सुमारे ०.०३ मिलिसिव्हर्ट एवढा मारा होतो. तो साध्या फोटोपेक्षा कितीतरी पट जास्त असला, तरी निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. खरी अडचण खर्चाची आणि अंतराची. त्यातही स्कॅन सर्वज्ञ नाही. न सरकलेली बारीक चीर त्यातही निसटते, आणि स्नायुबंध तुटला असेल तर तो त्यात नीट कळत नाही. तेथे एम. आर. आय. सरस ठरतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने तर २०१६ साली स्कॅफॉइडच्या शंकेत पहिली तपासणी म्हणून एम. आर. आय.चा विचार करावा असे सुचवले.

तालुक्याच्या गावी हे दोन्ही नसले तर? तेथे जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. पहिला फोटो स्वच्छ असला तरी त्या खोलग्यात दुखत असेल, तर मोडले आहे असे समजून हात प्लॅस्टरमध्ये किंवा पट्टीत बांधायचा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा. तोवर चिरेच्या कडा थोड्या विरघळतात आणि ती दिसू लागते. तेव्हाही फोटो स्वच्छ, पण दुखणे कायम, असे झाले तर मात्र मोठ्या रुग्णालयात जाऊन स्कॅन किंवा एम. आर. आय. करून घ्यावा. रोजंदारी बुडते म्हणून मधेच पट्टी सोडणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची अडचण खरी असते, पण न सांधलेल्या हाडाने पुढे बुडणारे दिवस याहून कितीतरी अधिक असतात. दुसऱ्या वेळी जाताना पहिला फोटो बरोबर न्यावा. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच डॉक्टरांना फरक कळतो.