हवाईयन गिटार : कांडीची निवड व वाद्याची जुळणी

तारांवरून कांडी सरकवून गिटार वाजवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिच्यात मींड सहज साधते. म्हणून भारतीय संगीताने ती आपलीशी केली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी याच पद्धतीने गिटार वाजवली आहे.

कांडी पोलादी व वजनदार असावी; त्यामुळे नाद अधिक काळ टिकतो. तारा पडद्यांपासून उंच असाव्यात, अन्यथा कांडी पडद्यांवर आपटून खडखडते. साध्या गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा पेलणारी पट्टी उंच केल्यास नवशिक्याचे काम भागते.

कांडी पडद्याच्या नेमकी वर धरावी. तार दाबू नये. येथे पडदा केवळ खूण दाखवतो; स्वराचा अचूकपणा वादकाच्या कानावरच अवलंबून असतो.