चिकटद्रव्ये : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लास्टिकच्या वा धातूच्या मोडलेल्या वस्तूचा सांधा टिकला नाही की दोष चिकटद्रव्याच्या ताकदीला दिला जातो आणि पुढच्या वेळी अधिक महाग ट्यूब आणली जाते. वास्तविक सांधा टिकणे हे मुख्यतः जोडावयाचा पृष्ठभाग कोणता आहे आणि चिकटद्रव्य कोणत्या रीतीने घट्ट होते, यांवर अवलंबून असते.

'फेविक्विक'सारखी द्रव्ये हवेने वाळतात, हा समज सार्वत्रिक आहे. त्यांतील सायनोअॅक्रिलेट हे रसायन मात्र पृष्ठभागावरील आर्द्रतेच्या अतिसूक्ष्म थरामुळे घट्ट होते. त्या थराशी संपर्क येताच त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या बनतात, म्हणजेच बहुवारिकीकरण होते. ही क्रिया जाड थराच्या आतपर्यंत नीट पोहोचत नसल्याने भरपूर द्रव ओतलेला सांधा कच्चा राहतो, तर एका थेंबाचा पातळ सांधा पक्का होतो. तोही ठिसूळच असतो, आणि फट भरून काढणे हे या द्रव्याचे काम नव्हे.

फट भरण्यासाठी रेझीन आणि हार्डनर अशा दोन भागांत मिळणारे इपॉक्सी योग्य ठरते; परंतु हार्डनर जास्त घातला की ते लवकर व घट्ट बसते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही घटक ठरावीक प्रमाणात परस्परांशी संयोग पावत असल्याने जादा हार्डनर तसाच शिल्लक राहून सांधा मऊ व चिकट होतो. घाई असल्यास ऊब द्यावी, प्रमाण बदलू नये. वेष्टनावरील 'पाच मिनिटे' ही मिश्रण आळण्याची वेळ असते. पूर्ण ताकद येण्यास बहुधा दिवसभर लागतो.

सर्वांत मोठा घोटाळा 'प्लास्टिक' या एकाच नावाखाली होतो. बादल्या, डबे आणि मोल्डेड खुर्च्या बहुधा पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, आणि या प्लास्टिकांची पृष्ठभागीय ऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरू देण्याची क्षमता, इतकी कमी असते की त्यांवर पाण्याचा थेंब गोळा होऊन राहतो व चिकटद्रव्यही नीट पसरत नाही. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात 2, 4 किंवा 5 हा आकडा दिसल्यास नेहमीची ट्यूब वाया घालवू नये. विशेष प्रायमर, उष्णतेने केलेले वेल्डिंग किंवा सरळ रिव्हेट हेच तेथील खरे उपाय होत. याउलट पीव्हीसीच्या नळांसाठीचे सॉल्व्हेंट सिमेंट नळाचा पृष्ठभागच विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते, आणि नेमक्या याच कारणाने धातूवर ते निरुपयोगी ठरते.

धातूला इपॉक्सी उत्तम चिकटते, मात्र तेल, गंज व जुना रंग निघाल्यावरच. म्हणून काचकागदाने घासून अॅसिटोनने पुसावे. हेच अॅसिटोन अॅक्रिलिक किंवा एबीएसवर वापरल्यास ते प्लास्टिकच विरघळू लागते, तेव्हा तेथे साबणाचे पाणी बरे.

घट्ट झालेला सांधा उष्णतेलाही दाद देत नाही, असे समजणे धोक्याचे आहे, कारण सामान्य तापमानाला घट्ट होणारी बहुतेक घरगुती चिकटद्रव्ये पाणी उकळण्यापूर्वीच मऊ पडू लागतात. कुकरचे तडकलेले भांडे किंवा गॅसची जोडणी त्यांनी दुरुस्त करू नये. असा भाग बदलूनच घ्यावा.