चांदीची तार आणि सेकंदांचा हिशेब

पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकाशेजारी जमिनीखाली मेट्रोचं स्थानक आहे. जिल्हा न्यायालयापासून इथवरचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. अशा बांधकामात एकदा काँक्रीट ओतलं की आतली सळई पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. ती किती वर्षं टिकेल, हे बऱ्याच अंशी क्लोराइडच्या हातात असतं.

काँक्रीट मुळात अल्कधर्मी. त्यात सळईवर ऑक्साइडचं पातळ कवच धरतं आणि गंज दूर राहतो. क्लोराइड ते कवच जागोजागी फोडतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून तडकतं. गोव्यातल्या मांडवी नदीवरचा १९७०चा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजलेल्या होत्या.

पुण्याला समुद्र लांब. पण मीठ बोअरच्या पाण्यातून येतं, वाळूतून येतं, मिश्रणात घातलेल्या रसायनातूनही येतं. म्हणून आयएस ४५६ या भारतीय मानकाने सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा घातली आहे आणि त्यासाठी वापरायच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची. घनमीटरचं वजन २,४०० किलो धरलं, तर एक ग्रॅम काँक्रीटमध्ये फक्त पाव मिलिग्रॅम.

हा पाव मिलिग्रॅम मोजायचा कसा? १८७४ची फोलहार्ड पद्धत अजून चालते: सिल्व्हर नायट्रेट जास्तीचं घालायचं, उरलेलं थायोसायनेटने परत मोजायचं आणि लालसर रंग दिसला की थांबायचं. त्यात द्रावणाची ताकद आधी तपासून घ्यावी लागते, आणि रंग ओळखायला डोळा मुरलेला लागतो.

दुसरी पद्धत कूलोमेट्री, म्हणजे किती वीज लागली यावरून पदार्थ मोजणं. तीत चांदीचं द्रावण बाटलीतून येतच नाही. काँक्रीटची पूड नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात चांदीची तार सोडतात आणि ठरलेला प्रवाह वाहू देतात. तारेतून सुटलेला चांदीचा प्रत्येक आयन एका क्लोराइडला पकडून तळाशी बसवतो. क्लोराइड संपताच मोकळी चांदी पाण्यात उरते, शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांना ती जाणवते आणि यंत्राचं घड्याळ थांबतं. फॅरडेच्या नियमाने एका मोलला ९६,४८५ कूलोंब लागतात; तेव्हा त्या पाव मिलिग्रॅमला १० मिलिअँपिअरवर सुमारे ६८ सेकंद. विजेचा प्रवाह आणि वेळ, या दोन्ही गोष्टी माणसाला फार काटेकोर मोजता येतात. या यंत्राचं सारं बळ तिथे आहे.

विजेनेच अभिकर्मक तयार करून मोजण्याची ही युक्ती १९३८मध्ये हंगेरीच्या सेबेलेदी आणि शोमोदी यांनी मांडली. अर्नेस्ट कॉटलव्ह यांनी १९५८मध्ये तिचं स्वयंचलित उपकरण प्रसिद्ध केलं, तेही रक्त आणि घामासारख्या द्रवांसाठी. बांधकामाच्या प्रयोगशाळेला ते तितकंच उपयोगी आहे.

अर्थात यंत्राला ब्रोमाइड आणि क्लोराइड वेगळे ओळखता येत नाहीत. लोखंडाच्या भट्टीची मळी (स्लॅग) घातलेल्या सिमेंटमधला सल्फाइडही चांदी खातो. त्याचा आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने बंदोबस्त करावा लागतो. नुसत्या आम्लाचा कोरा नमुना चालवून त्याचे सेकंद वजा करावे लागतात. आणि सर्वांत नाजूक काम यंत्राबाहेरचं: भिंतीतून पूड काढताना ती थराथराने, खोली लिहून काढायची. क्लोराइड पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी भरला, तर तो बाहेरून शिरलाय. सगळीकडे सारखाच भरला, तर काँक्रीट कालवलं त्या दिवशीचं पाणी, वाळू आणि रसायनं यांच्या नोंदी बाहेर काढायच्या.