आखूड झालेल्या झबल्यांची वाकळ

लहान मुलांचे कपडे फाटायच्या आधीच आखूड होतात. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडे मग ते धाकट्या भावंडाला जातात, नाहीतर नात्यातल्या बाळंतिणीकडे. बारशापर्यंत बाळाला जुनं, मऊ झालेलंच घालायची चाल अजून अनेक घरांत आहे. बोहारणीचा डोळा साडीवर, धड पँटीवर. झबली-टोपडी तिच्या लेखी चिंध्याच. त्या उरतात गोधडीला, म्हणजे खेड्यातल्या वाकळीला.

वाकळ शिवायची उन्हाळ्यात, रानातली कामं आटोपल्यावर. सावली बघून जुनी साडी ताणून अंथरायची, कडांवर दगड ठेवायचे. त्यावर उसवलेले कपडे पसरायचे. मुलांच्या कपड्यांची खरी कटकट इथंच. गुंड्या, चेन, इलॅस्टिक काढायचं. जाड शिवणीही कापून टाकायच्या, राहिल्या तर नेमक्या पाठीला टोचतात. तुकडे चिमुकले, म्हणून एकाची कड दुसऱ्यावर चढवत न्यायची. फट पडली तर थंडी शिरते, थर जास्त झाला तर सुई अडते. तळवा फिरवूनच जाडी कळते. वरून दुसरी साडी घालून कच्चा दोरा मारायचा आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मधोमध यायचं. बाळासाठी हेच दुपट्याएवढं, पातळ थरांचं. अगदीच बारीक उरलेल्या चिंध्यांची बाहुली होते, नाहीतर चुंबळ.

कर्नाटकात उत्तर कन्नडचे सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले, त्यांची गोधडी, म्हणजे कवंदीही, कडेपासूनच आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. बंगालचा कांथा जुन्या साड्यांचाच, पण त्यावर चित्रं उमटतात. आमच्याकडच्या वाकळीला चित्रांची हौस कमी. ती उबेची वस्तू. परभणी जिल्ह्यात थंडीत पारा एक आकडी होतो, तेव्हा नक्षी कुणी बघत नाही.

हल्ली अडचण कापडाची आहे. होजिअरीचा टीशर्ट सुईपुढे गोळा होतो, तो आतच घालावा लागतो. गणवेशाचं टेरिकॉट आणखी हट्टी: झिजता झिजत नाही आणि घामही टिपत नाही. काळ्या मातीत कापूस पिकवणाऱ्या तालुक्यातल्या पोरांनी पॉलिस्टर घालून शाळेत जावं, हे मला तरी पटत नाही.

शहरांत आता बाळाच्या कपड्यांच्या ‘आठवणींच्या गोधड्या’ करून मिळतात. वरचे फ्रॉकचे तुकडे छान दिसतात, पण आत बहुधा विकतचं पॉलिस्टर फायबर. जुनी वाकळ आतूनही घरच्या कपड्यांचीच असते. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळी नदीवर, विहिरीवर धुवायला निघतात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पिळतात, दगडावर आपटतात, आणि कच्चा टाका तिथंच उसवतो. आठवणींची गोधडी विकत घेताना ती असं धुणं सोसेल का, हे कुणी विचारत नाही.